मागून या

घंटा वाजली, आणि ती कुठली घंटा हे स्वयंपाकघरातल्या तिघांपैकी एकालाही कळलं नाही. आईचा बटाटे सोलणारा हात थांबला. रिनसच्या बायकोनं, नातेलानं, आधी टेबलावरच्या फोनकडे पाहिलं, मग ओव्हनकडे. रिनसला वाटलं, शेजाऱ्यांकडे कुणी आलं असेल. आवाज पुन्हा आला, या वेळी जरा लांबवलेला, आणि त्यानं खुर्ची मागे सारली. ही आपलीच घंटा. नव्या दाराची. ऑक्टोबरात दार बसलं तेव्हा सुतारानं ती एकदा दाबून पाहिली होती, त्यानंतर आज. इतके दिवस आपल्या घराला एक आवाज होता आणि तो आपल्याला माहीत नव्हता, याचं त्याला उठता उठता नवल वाटलं. आणि नवल वाटायची ही वेळ नाही हेही त्याच क्षणी कळलं, कारण त्या दाराची घंटा वाजवणारा माणूस जगात एकच होता आणि सगळा हिवाळा ते त्याचीच वाट पाहत होते.

पुढच्या खोलीत थंडी साठून राहिली होती. ही खोली तापवायची पद्धत नव्हती. नाताळ, बारसं, मयत आणि वर्षातून एकदा येणारा पाद्री, एवढ्यांसाठी ती राखलेली. जमिनीवर आईनं लग्नात आणलेला सायीच्या रंगाचा गालिचा. त्याच्यावर बुटासकट पाय टाकायची मुभा फक्त पाद्र्याला होती, आणि तोही बिचारा कडेकडेनं चालायचा. दाराच्या फटीशी वारा अडवायला कापडाची लांब गुंडाळी ठेवलेली, आणि तिच्या पुढं, दाराला टेकवून, वडलांचा फोटो असलेलं बुटकं कपाट. रिनसनं कपाट सरकवताना फोटो एका हातानं धरला. दारासमोर कपाट ठेवणं यात काही विचित्र आहे, हे या घरात आजवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यानं कडी काढली, मूठ ओढली. दार हललं नाही. पाय भिंतीला लावून ओढलं. लाकूड कुरकुरलं आणि तिथंच राहिलं. मग तो गुडघ्यावर बसला, टपालाची फट बोटानं उघडली. पलीकडे गडद निळी विजार, ओले काळे बूट.

"कोण?"

"लोडे. पोलीस."

"मागून या ना," रिनस म्हणाला, "दार उघडंच आहे."

विचार करायच्या आधीच हे वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडलं होतं. या गावात ते सगळेच म्हणतात, आणि दिवसातून कितीदा म्हणतात ते कुणी मोजत नाही. लहानपणी तो तापानं फणफणला होता आणि डॉक्टर आले होते, तेव्हा ग्लानीत त्यानं त्यांनाही हेच सांगितलं होतं म्हणे. पुढचं दार असतं ते रस्त्याला घराचा चेहरा दिसावा म्हणून. माणसं गल्लीतून येतात, सायकल शेडला टेकवतात, चिखलाचे बूट पायरीवर काढतात, आणि न वाजवता आत येऊन खुर्ची ओढतात. जो पुढून येतो तो परका, नाहीतर वाईट बातमी आणणारा. हे इतकं साधं होतं की दार हलवायचा सगळा घाट घालताना, मोजणीदार आणि दोन्ही नगरपालिकांची माणसं, गवंडी आणि सुतार, या कुणालाही ते बोलावंसं वाटलं नाही. फटीपलीकडचे बूट काही वेळ जागेवरच होते. मग ते वळले.

लोडे गल्लीतून आला, पण मागच्या दारापर्यंत आला नाही. फरसबंदीवर जिथं पांढऱ्या फुल्या रंगवल्या आहेत तिथं तो थांबला. लोडे बेल्जियमचा पोलीस; फुल्यांच्या अलीकडे, तो उभा होता तिथं, बेल्जियम, पलीकडे हॉलंड. गल्ली ओलांडून ती ओळ घराच्या भिंतीत शिरते, स्वयंपाकघर एका अंगाला टाकते, पुढची खोली दुसऱ्या, जिन्याखालून जाते आणि रस्त्यावर निघून खाटकाच्या दुकानात घुसते. रिनस सपाता घालून बाहेर आला. दोघांमध्ये तीन-चार फरशा होत्या.

"इथून पुढं मी फक्त लोडे," पोलीस म्हणाला. "कॉफी प्यायला येईन, केक खाईन, कोबामावशीच्या गुडघ्यांची चौकशी करीन. पण तुझी बायको माझ्या देशात राहते का, हे मला त्या दारातून आत येऊन बघायचंय. त्यातूनच."

"अरे, तू ओळखतोस आम्हाला. शाळेत माझ्या बाकावर बसायचास."

"म्हणून तर पंचाईत आहे. अनोळखी असतास तर सोपं होतं."

"दार फुगलंय रे. ओल आहे."

"ते दिसलं. चौकटीत कोळ्यानं घर केलंय, तेही दिसलं. दार फुगतं कधी, रिनस? उघडत नसलं की."

स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि आईचं डोकं बाहेर आलं. "लोडे, गारठ्यात काय खांबासारखा उभा राहिलास? ये आत, सूप आहे."

"नको कोबामावशी, ड्यूटीवर आहे."

"मग ड्यूटी तिथं कुंपणाला अडकव आणि ये."

लोडे हसला, पण त्याचे पाय हलले नाहीत. खिडकीत आईच्या मागे नातेला उभी होती. तिच्या हातात बशी होती आणि ती पुसलेली बशी परत पुसत होती. लोडेनं तिच्याकडे बघून टोपीला हात लावला, आणि मग रिनसला खाली आवाजात म्हणाला, "परत एकदा येईन. कधी ते सांगणार नाही, विचारूही नकोस. तेव्हाही हे घर मागूनच जगत असलं तर मला तसंच लिहावं लागेल. घर बेल्जियमचं नाही म्हटलं की हिचा राहण्याचा अर्ज पडला. अर्ज पडला की तिला परत जावं लागणार, आणि मला या गावात तोंड लपवत फिरावं लागणार. दोन्ही नकोय मला." तो वळला, आणि फुल्यांवर पाय पडणार नाही असं बघत गेला. त्याच्या पाठीकडे पाहताना रिनसला राग यायला हवा होता. आला नाही. एक धट्टाकट्टा माणूस, लहानपणी याच गल्लीत फुल्यांवरून उड्या मारणारा, आज त्या रंगापुढं पाऊल टाकत नव्हता, आणि तो ढोंग करत नव्हता. रंगाला एवढी ताकद कोण देतं?

दुपारी रोपवाटिकेत तो फरच्या रोपांच्या ओळींमध्ये गुडघ्यावर बसून तण काढत होता आणि विचार तिथंच घुटमळत होता. ही रोपवाटिका हॉलंडमध्ये, तिचा मालक हॉलंडचा, रिनस हॉलंडचा, त्याचा पासपोर्ट, त्याची भाषा, त्याच्या वडलांची कबर, सगळं हॉलंडचं. आणि तरीही हॉलंडनं त्याच्या बायकोला घेतलं नव्हतं. काम हंगामी, करार कायमचा नाही, कमाई ठरवलेल्या रेघेच्या खाली. शेजारच्या ओळीत काम करणारा लेशेक पोलंडचा होता. त्याचा करारही तसाच, कमाई त्याहून कमी, आणि त्याची युक्रेनी बायको इथं येऊन राहण्याचं कार्ड घेऊन बसलीसुद्धा. "मी परदेशी आहे ना," लेशेकनं तेव्हा त्याला समजावलं होतं, पावाला लोणी लावता लावता. "मी घर सोडून दुसऱ्या देशात आलो, म्हणून मला युरोपचा कायदा. तू घरीच बसलास, तुला घरचा कायदा. घरचा कायदा कडक असतो. तुला आई नाही का?" सगळे हसले होते. "तू असं कर, पोलंडला जा. माझ्या मावशीकडे खोली आहे. कोंबड्यांचा वास येतो, पण कायदा उत्तम." रिनसही हसला होता, आणि घरी सायकल मारत येताना, खाटकाच्या दुकानासमोर, त्याला एकदम थांबावं लागलं होतं. परदेश त्याच्या घरात होता. पुढच्या खोलीत. त्या गालिच्यावर, जिथं बूट घालून जायची मनाई होती.

या गावात घराचा देश दार ठरवतं. हे त्याला चालायला लागल्यापासून माहीत होतं, जसं पाणी खाली वाहतं हे माहीत असतं. सीमा घरातून गेली असेल तर पुढचं दार ज्या देशात, घर त्या देशात. कर, टपाल, कचऱ्याची गाडी, सगळं दारामागून चालत येतं. पूर्वी लोकांनी कुठं कराच्या सोयीसाठी, कुठं बांधकामाच्या परवानगीसाठी दारं हलवली होती आणि त्याच्या गोष्टी जत्रेत बिअरबरोबर सांगितल्या जात. पण माणसासाठी कुणी हलवल्याचं त्यानं ऐकलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्यानं जेवताना सगळं आईला सांगितलं.  तिनं बटाटे कुस्करले, त्यात ग्रेव्हीसाठी खळगा केला, तो भरला. मग विचारलं, "कुठली भिंत फोडायची?" एवढंच. भिंत फुटली. जुनं दार, ज्यातून ती नवरी होऊन आत आली होती आणि ज्यातून वडील बाहेर गेले होते, अर्ध्यापर्यंत विटांनी बुजवून त्याची खिडकी केली. तिथं तिनं जिरेनियमच्या कुंड्या ठेवल्या. आणि पुढच्या खोलीतल्या खिडकीचं, बेल्जियमच्या बाजूला, दार झालं. मोजणीच्या माणसानं जमिनीवर खडूनं रेघ मारली, नव्या उंबऱ्यापाशी वाकून पाहिलं, आणि "झालं," म्हणाला. नंबराच्या पाटीवरचे छोट्या झेंड्याचे रंग बदलले. वरच्या मजल्यावर त्यांचा पलंग होता तिथंच होता, त्याच्या उशाच्या बाजूला जुनी ओल होती तीही तिथंच होती, पण तो दुसऱ्या देशात गेला होता. कपाटातल्या मोज्यांसकट. रिनस त्या दिवशी कितीतरी वेळ पलंगाच्या काठावर बसून राहिला होता. एखादा मोठा प्राणी घराखालून कूस बदलून गेला असावा आणि कपसुद्धा हिंदकळला नसावा, तसं त्याला वाटलं होतं.

रोपाच्या मुळाशी बोट घातलं की माती गार लागते आणि फरचा वास बोटाला चिकटतो. हा वास त्याच्यासाठी नातेलाचा होता. ही सगळी रोपं, जी मोठी होऊन नाताळात अर्ध्या युरोपच्या घरांत दिवे लावून उभी राहतात, त्यांचं बी कॉकेशसच्या डोंगरांतून येतं, जॉर्जियातल्या राचा नावाच्या मुलखातून. काही वर्षांपूर्वी एका सप्टेंबरात मालकानं त्याला बी बघून घ्यायला तिकडं पाठवलं होतं. तोपर्यंत त्याला फरचं झाड म्हणजे कमरेएवढं, फार तर डोक्याएवढं, ओळीत उभं राहणारं असंच माहीत होतं. तिथं पहिल्या सकाळी धुकं उठलं आणि त्यानं मान वर केली, आणखी वर केली, टोपी मागे पडली. त्याच्या बार्ले गावच्या चर्चच्या मनोऱ्यापेक्षा उंच झाडं, डोंगरच्या डोंगर, आणि शेंड्यावर, जिथं फांद्या मनगटाएवढ्या होतात तिथं, माणसं. बी ज्यांत असतं ते शंकू शेंड्यालाच लागतात, त्यामुळे माणसांनी तिथवर चढावं लागतं. आपण वर्षानुवर्षं जे बी पाकिटातून ओततो ते असं खाली येतं. खाली, बुंध्याशी, एक बाई दोर तपासत होती. प्रत्येक चढणाऱ्याचा दोर ती तळव्यातून सावकाश सरकू द्यायची, डोळे मिटून, आणि कुठं थांबली की दोर बाजूला टाकायची. त्यावर कुणी वाद घालत नसे. तिचा भाऊ एकदा तिनं न तपासलेल्या दोरावर चढला होता, असं नंतर कुणीतरी सांगितलं. ती स्वतः त्याच्याविषयी बोलत नसे. रिनसचा दोर तिनं दोनदा तपासला. "तू वर जात नाही," ती हातवारे करत म्हणाली, "पण असू दे." पुढच्या सप्टेंबरात तो परत गेला, त्यानंतरच्या सप्टेंबरात दोघांचं लग्न झालं. बी पोत्यांतून, शिक्के मारून, विनासायास आलं. नातेला आली ती पाहुण्याच्या व्हिसावर, पाठीला पिशवी, मे महिन्यात, गल्लीतून, शेडमधल्या सायकलींना वळसा घालून. मागच्या दारानं. आई म्हणाली होती, "ये पोरी, बूट पायरीवर ठेव."

घरी आला तेव्हा दार चौकटीतून उतरवून पुढच्या खोलीत दोन खुर्च्यांवर आडवं ठेवलेलं होतं, खाली वर्तमानपत्रं पसरून, आणि नातेला त्याच्या कडेवर रंधा मारत होती. भिंतीतल्या भगदाडातून रस्ता आत आला होता. सायकलवरून जाणारी माणसं मान वळवून बघत होती. ती तळवा कडेवरून सावकाश फिरवायची, डोळे मिटून, थांबायची, तिथं रंधा मारायची. "आता उघडेल," ती म्हणाली. ते पुन्हा बसवलं तेव्हा दार एका बोटानं उघडत होतं. पण उघडणारं दार आणि वापरातलं दार यात अंतर होतं, आणि ते कसं काटायचं हे रिनसला समजेना. त्यानं आईला सांगून पाहिलं. आई म्हणाली, "मी नाही त्यातून जाणार. मला काही झालं नाहीये अजून."

"आई, ते फक्त दार आहे."

"दार फक्त दार असतं तर तो बापडा लोडे गल्लीत गारठत उभा राहिला असता?" तिनं विचारलं. "बाई पुढच्या दारानं दोनदा जाते. एकदा आत, एकदा बाहेर. माझं आत झालंय. तुम्ही जा हवं तर. गालिचा सांभाळा."

म्हणून ती दोघं जाऊ लागली, गालिचा सांभाळून. म्हणजे असं, की उंबऱ्यावर बूट काढायचे, हातात धरायचे, मोज्यांनी पुढची खोली ओलांडायची, स्वयंपाकघरातून जाऊन बूट मागच्या पायरीवर ठेवायचे; आणि बाहेर जाताना हेच उलट. रिनस दोन-तीन दिवसांतच चुकू लागला. कामावरून दमून येताना सायकलच त्याला गल्लीत नेई. हँडल वळल्यावर त्याला आठवण येई आणि तो फुल्यांपाशी उतरून परत फिरे. शेजारीण म्हणाली, "काय रिनस, घर विसरलास?" नातेला मात्र चुकत नव्हती. एकदाही. ती पाव आणायला गेली तरी पुढून, कचरा टाकायला गेली तरी पुढून, आणि दर खेपेला बूट हातात. खिडकीतून तिला येताना बघणं त्याला अवघड होऊ लागलं. ती उंबऱ्यावर थांबायची, एक पाय उचलायची, तोल सांभाळत बूट काढायची, मग दुसरा. आणि त्या एका क्षणी, एका पायावर उभी असताना, ती त्याला डोंगरातल्या त्या झाडांच्या शेंड्यावर दिसायची, जिथं फांदी मनगटाएवढी असते. खाली दोर कुणी तपासलाय? मी? पलंग, करार, लग्नाचा दाखला, भिंत, सगळं तपासलं होतं त्यानं. आणि एका सवयीवरून, तापातही तोंडात येणाऱ्या एका वाक्यावरून, तो तळवा फिरवायचा राहिला होता.

रविवारी चर्चहून आल्यावर आई गल्लीतून आत आली आणि कोट न काढताच पुढच्या खोलीच्या दारात थबकली. रिनस तिच्या मागे होता. नातेला उंबऱ्यावर बसली होती, पाठ खोलीकडे, तोंड रस्त्याकडे. बूट मांडीवर. बाहेर बारीक भुरभुर चालू होती आणि तिच्या मोज्यांची बोटं ओली झाली होती. ती रडत नव्हती. बुटाच्या तळाला लागलेला चिखल ती काडीनं उकरून रस्त्यावर टाकत होती, एकेक रेघ, फार नीट, जणू गालिच्यापर्यंत त्यातला कणही पोचायला नको.

"काय करतेस पोरी?"

नातेलानं मान वळवली. "साफ करते, आई. आत येते मग."

"किती वेळ बसलीयस?"

"पोलीस आला, तर मी दारात आहे," नातेला म्हणाली. "असं बरं."

आईच्या हातात प्रार्थनेचं पुस्तक होतं. ते तिनं वडलांच्या फोटोशेजारी ठेवलं. मग ती गालिच्याच्या कडेशी उभी राहून खाली बघत राहिली, आणि रिनसला माहीत होतं ती काय बघतेय, कारण तो गालिचा तिनं दर शनिवारी ओणवं होऊन ब्रशनं झाडताना त्यानं आयुष्यभर पाहिलं होतं. त्याच्यावर एकच डाग होता, खिडकीकडच्या कोपऱ्यात. शवपेटी नेणाऱ्या चौघांपैकी एकाच्या बुटाचा, आणि तो तिनं मुद्दाम काढला नव्हता.

"तू या घरात मागून आलीस," ती म्हणाली. "बूट पायरीवर ठेव म्हटलं मी तुला. म्हटलं ना?"

"म्हटलं."

"नवरीला कुणी असं म्हणतं? मला माझी सासू हात धरून आत घेऊन आली होती. फार खवट बाई, पण तेवढं केलं तिनं." आई थांबली. "ऊठ. घाल ते."

"आई, चिखल—"

"घाल म्हणते ना."

नातेलानं बूट घातले. लेस बांधताना तिची बोटं अडखळली. दोरांवर कधी न अडखळलेली बोटं. ती बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिली, कारण आईनं हातानं तसं खुणावलं, आणि पावसात, बाहेर जायच्या कोटात, डोक्याला रुमाल नाही, काही नाही, घराकडे तोंड करून वाट बघू लागली. समोरच्या घरातला पडदा हलला. आईनं तिच्या गुडघ्यांना सवय नसलेलं पाऊल उचललं आणि उंबऱ्यात जाऊन हात बाहेर काढला. ती स्वतः बाहेर गेली नाही. तेवढं तिनं राखलं. नातेलानं हात धरला. एक पाऊल उंबऱ्यावर, एक गालिच्यावर. त्या सायीच्या रंगावर काळपट, ओला, पूर्ण तळव्याचा ठसा उठला आणि आईनं त्याकडे बघितलं आणि हात सोडला नाही. स्वयंपाकघरापर्यंत नेलं, खुर्चीत बसवलं, आणि सुपाखालचा गॅस पेटवला. रिनस भिंतीला टेकून उभा होता. त्यानं कायद्याची ताकद पाहिली होती, पलंग न हलवता पलंगाचा देश बदलणारी. ही दुसरी ताकद त्याच्या ओळखीची नव्हती, आणि ती इतकी वर्षं याच स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसली होती.

पण तो एका रविवारपुरता प्रकार असेल असं त्याला वाटलं होतं. सोमवारी सकाळी तो रोपवाटिकेकडे निघाला तेव्हा परसातल्या भाजीच्या वाफ्यातून आई निघाली होती, लाकडी बुटांत, कडेवर लीकच्या जाड कांदापातीचा भारा. वाफा मागच्या दाराला लागूनच. दार उघडं होतं, आतून किटलीची वाफ दिसत होती. आई दारावरून पुढं गेली. कुंपणाशी वळली, गल्लीत शिरली, फुल्या ओलांडल्या, घराला पूर्ण वळसा घातला, रस्त्यावर आली, आणि पुढच्या दारातून, खाली चिखलाचे गोळे पाडत, लाकडी बूट खटखटवत, आत गेली. शेजारीण झाडू घेऊन बाहेर होती.

"कोबा, अगं रस्ता चुकलीस का?"

"नाही गं. उशिरा सापडला."

"आणि तू म्हणायचीस, बाई पुढून दोनदाच जाते!"

"मग आता मोजणं सोडलं," आतून आईचा आवाज आला. "मोजत बसलं की माणूस मरतो."

रिनस सायकलवर एक पाय टेकवून उभाच होता. ती त्या दिवशी बटाट्यांसाठी गेली, मग सरपणासाठी, मग उगीच. पुढच्या दिवशीही. मग टपालवाला जिरेनियमच्या खिडकीशी थांबायचा बंद झाला. खाटकाची बायको सॉसेज घेऊन पुढून आली आणि काय करावं न सुचून घंटा वाजवली, आणि या खेपेला तिघांनाही घंटा ओळखू आली. लेशेक रविवारी बायकोला घेऊन आला आणि म्हणाला, "वा, परदेशात काय छान थंडी आहे." पुढच्या खोलीत शेगडी पेटू लागली, कारण लोक तिथूनच येत-जात होते. वडलांचं कपाट भिंतीकडे सरकलं. गालिच्यावर एक वाट उठली: दारातून निघालेली, टेबलाला वळसा घालणारी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन पोचणारी. वाळलेला तपकिरी चिखल, त्याच्यावर ओला, त्याच्यावर पुन्हा वाळलेला. एका शनिवारी आई सवयीनं ब्रश घेऊन ओणवी झाली, वाटेच्या दोन्ही कडा स्वच्छ केल्या, आणि वाट तशीच ठेवून उठली. रिनसच्या लक्षात आलं की तो खिडकीकडच्या कोपऱ्यातला जुना डाग शोधतोय, आणि आता तो पटकन सापडत नाही.

लोडे मार्चमध्ये आला, दुपारी, पाऊस नुकताच ओसरलेला. रिनस योगायोगानं घरीच होता. दाराच्या चौकटीला तेल लावत होता. दार उघडंच होतं, त्यामुळे घंटा वाजली नाही. लोडे पायरीशी उभा राहिला. त्यानं चौकटीकडे पाहिलं, जिथं कोळी असायचा. घासून चकाकलेल्या मुठीकडे पाहिलं. आतून नातेला आली, हाताला पीठ, आणि रिनसच्या मागे उभी राहिली. तिचा श्वास त्याला मानेवर लागत होता आणि तो दोर तळव्यातून सरकावा तसा अगदी सावकाश, न थांबता चालला होता.  मग लोडेची नजर खाली गेली. या गावातल्या प्रत्येक मुलाला तो गालिचा माहीत होता. लहानपणी एकदा, चेंडू आत गेला म्हणून, लोडे त्याच्यावर पाऊल टाकायला गेला होता आणि कोबामावशीनं त्याला कानाला धरून गल्लीपर्यंत नेलं होतं. तो वाटेकडे बघत राहिला. दारातून टेबलापर्यंत, टेबलापासून आतपर्यंत. लाकडी बुटांचे रुंद ठसे, रिनसचे, नातेलाचे लहान, आणखी कुणाकुणाचे, एकावर एक. त्याची नजर ती वाट पायी चालल्यासारखी शेवटपर्यंत गेली आणि परत आली, आणि तिथं, स्वयंपाकघराच्या तोंडाशी, आई उभी होती, ओल्या हातांनी.

लोडे खाकरला. मग, कोबामावशीला ओळखणारा कुणीही करील तेच त्यानं केलं: पायपुसण्यावर उभा राहिला आणि बूट घासू लागला. जोरजोरात, आधी टाच, मग कडा.

"राहू दे रे," आई म्हणाली. "पाय पुसू नकोस. ये असाच."

त्याचा एक पाय पायपुसण्यावर तसाच राहिला. त्यानं आईकडे पाहिलं, तिनं मान हलवली. लोडेनं टोपी काढून काखेत धरली, आणि चिखलाच्या बुटांनी तो गालिच्यावर चढला.